इनाम, वजीफा आणि हक्क

वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तर मुलाला काय मिळावे? आम्ही शिक्षक मंडळी फार तर 'शाबास' म्हणतो, वहीत तांबड्या शाईची खूण करतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. तेच उत्तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, दिव्यांच्या झगमगाटात दिले तर त्याचे हजार होतात, लाख होतात, कधी कोटीही होतात. उत्तरात फरक नसतो. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागणारे तास आमच्या उर्दू शाळेच्या पाचवीतही चोवीसच आणि मुंबईच्या स्टुडिओतही चोवीसच. मग दाम मोजले जातात ते कशाचे? आणि त्या दामातून जर एखाद्या मुलाच्या कॉलेजची फी भरली जाणार असेल, तर ती फी त्याने कमावली म्हणायचे, त्याला कुणी बक्षीस दिली म्हणायचे, की जे मुळात त्याचेच होते ते त्याला वाजतगाजत परत मिळाले म्हणायचे?

हा प्रश्न काही वर्षे आम्हाला छळतो आहे आणि त्याला कारण आमचा वर्ग आहे. 'कौन बनेगा करोडपती'मध्ये मुलांचे विशेष भाग लागले की दुसऱ्या दिवशी वर्गाची भाषा बदलते. उत्तर देऊन झाल्यावर मुले 'लॉक कर दीजिए' म्हणतात, अडली की 'लाइफलाइन' मागतात. दूरचित्रवाणीवर तोंडसुख घेणे हा आमच्या व्यवसायाचा जुना छंद आहे. तो आम्हाला येथे करायचा नाही. ज्या कार्यक्रमाने देशांच्या राजधान्या, मूलद्रव्यांची चिन्हे आणि बादशहांचे सन या कोरड्या गोष्टी घरातल्या दादीपर्यंत पोहोचवल्या, रात्रीच्या दस्तरखानावर चर्चेला आणल्या, त्याला सरसकट नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

शिवाय या खेळाची आपल्या देशातली एक मुळी थेट आपल्याच समाजातल्या एका घरात जाते. कुलसुम सयानी हे नाव आज फारसे कुणाच्या तोंडी नाही. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचे काम केले, पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत अक्षर नेले आणि १९४० ते १९६० अशी वीस वर्षे 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवले. नवसाक्षरांसाठी असलेले हे पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्तानी. त्यांचे मुलगे हमीद आणि अमीन. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' १९७२ मध्ये सुरू झाली ती हमीद सयानी यांच्या आवाजात. १९७५ मध्ये ते वारले आणि धाकट्या भावाने, म्हणजे गीतमालावाल्या अमीन सयानींनी, ती पुढे सांभाळली. १९९० च्या दशकात ती डेरेक ओब्रायन यांच्याबरोबर दूरचित्रवाणीवर गेली.

आई ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या दारात गेली, आणि मुलांनी ज्यांना पुष्कळ येत होते त्यांना मंचावर बोलावले. यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. अमीन सयानींची ती सोपी, सगळ्यांना कळणारी जबान आईच्या 'रहबर'मध्येच घडली होती. पण प्रश्नमंजूषा ही मंचावर पोहोचलेल्यांची गोष्ट आहे आणि साक्षरता ही दारापर्यंत जाण्याची गोष्ट आहे, हे अंतर त्या एकाच घरात इतके स्पष्ट दिसते की ते नोंदवल्याशिवाय राहवत नाही. बोर्नव्हिटाची ती स्पर्धा मुख्यतः शहरांतल्या इंग्रजी शाळांची राहिली. उर्दू शाळांच्या वाट्याला सयानींचा आवाज आला तो गाण्यांतून.

दार उघडले ते ३ जुलै २००० रोजी. त्या रात्री स्टार प्लसवर अमिताभ बच्चन यांनी हिंदीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. गल्लीत ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या ओटीवर चपलांचा ढीग पडे. या कार्यक्रमाचे दिग्दर्शक सिद्धार्थ बसू, ज्यांनी १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' केले होते, तेही इंग्रजीतच. तोच माणूस हिंदीकडे वळला आणि मुंबईच्या इंग्रजी शाळेतले ज्ञान व बिहारमधल्या तालुक्याच्या गावातले ज्ञान एका खुर्चीत बसू लागले. उर्दू शाळेच्या मुलाला तर ती हिंदी आपलीच वाटली. कान सहज लागे; घोडे अडे ते संज्ञांपाशी. आम्ही वर्गात 'ज़ियाई तालीफ' शिकवतो, पडद्यावर 'प्रकाश संश्लेषण' येते, आणि बाजारात गेले की 'फोटोसिंथेसिस'. पान तेच, ऊन तेच. मुलाला मात्र तीन वेळा शिकावे लागते आणि घड्याळाचे सेकंद सगळ्यांना सारखेच मिळतात.

पहिला करोडपती मराठी निघाला, मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, ऑक्टोबर २००० मध्ये. त्या पैशांच्या बळावर तो पुढे ब्रिटनमध्ये व्यवस्थापन शिकायला गेला. २००१ मध्ये मुलांच्या 'ज्युनियर' पर्वात चौदा वर्षांच्या रवी मोहन सैनी याने पंधराही प्रश्नांची उत्तरे दिली; तो आधी डॉक्टर झाला आणि नंतर भारतीय पोलीस सेवेत गेला. २०१० मध्ये झारखंडातल्या गिरिडीहच्या गृहिणी राहत तसलीम आणि २०१३ मध्ये सहारनपूरची फिरोज फातिमा यांनी एक एक कोटी जिंकले. आमच्या मुलींच्या तोंडी ही शेवटची दोन नावे किती सहज असतात, हे आमच्याकडच्या कोणत्याही उर्दू शाळेत जाऊन पाहावे. आम्ही शिक्षक वर्षभर 'लडकियों की तालीम' या विषयावर निबंध लिहून घेतो. त्या दोघी जणींनी एका संध्याकाळी जे केले ते त्या निबंधांना जमले नसेल.

इतके सगळे मान्य करून आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत. महिना दीड हजार रुपये मिळत. त्यांच्यासमोर आलेला एक कोटीचा प्रश्न उर्दू शिक्षकाच्या काळजाला हात घालणारा होता. १८५७ चा आपला अनुभव 'दास्तान-ए-गदर' या पुस्तकात लिहिणारा, बहादूरशाह जफरच्या दरबारातला शायर कोण? उत्तर : जहीर देहलवी. आमच्या बी.ए.च्या वर्गात उर्दू घेऊन बसलेल्यांपैकी किती जणांना हे आले असते, हे आम्ही सांगणार नाही. पण शिक्षकाच्या सवयीने एक गोष्ट लक्षात येते. मीर १८१० मध्ये वारले, जौक १८५४ मध्ये. अशी नावे पर्यायांत असतील, तर ज्याला शायरांचे मृत्यूचे सन ठाऊक आहेत तो ती गाळू शकतो आणि 'दास्तान-ए-गदर'चे नावही न ऐकता उत्तरापर्यंत पोहोचू शकतो. उलट ज्याने ते पुस्तक वाचले आहे, दिल्ली सोडून पळणाऱ्या माणसांबरोबर जो मनाने चालला आहे, त्याला त्या खुर्चीत बसून एका नावापलीकडे काहीच सांगता येत नाही. दोघांचे दाम सारखेच.

बी.एड.ला आम्हाला ब्लूमचे वर्गीकरण होते : ज्ञान, आकलन, उपयोजन आणि पुढच्या पायऱ्या. पहिली पायरी म्हणजे नुसते स्मरण, असे प्राध्यापक सांगत, आणि परीक्षेत त्या सहा पायऱ्या क्रमाने लिहायला सांगत. तेव्हा स्मरणावर हसण्याचा अधिकार आमच्या खात्याला फारसा नाही. आणि आपल्या परंपरेत तर हाफिज होणे हा मान आहे; पाठांतराला आम्ही कमी लेखणार नाही. आमची अडचण वेगळी आहे. प्रश्नमंजूषेत मूल फक्त उत्तर देते. वर्गात मूल प्रश्न विचारू शकते, चुकीचा विचारू शकते, 'टीचर, हे असंच का?' म्हणून तास वाया घालवू शकते. त्या खुर्चीत बसलेल्या मुलाला तो अधिकार नाही. त्याने विचारायचा एकच प्रश्न असतो, तो म्हणजे लाइफलाइन घेऊ का.

लाइफलाइनची मात्र आम्हाला गंमत वाटते. मित्राला फोन करून उत्तर विचारणे, सभागृहाचा कौल घेणे, याला परीक्षेच्या वर्गात 'कॉपी' म्हणतात आणि त्यासाठी भरारी पथक येते. येथे त्याला संगीत आहे. पण खरे सांगायचे तर ज्ञान हे एकट्याच्या डोक्यात नसते, ते शेजाऱ्याकडे, मामाकडे, शंभर अनोळखी माणसांकडे वाटलेले असते, हे आमच्या परीक्षा मंडळांपेक्षा या खेळाने अधिक मोकळेपणाने कबूल केले आहे. इनाम मात्र वाटले जात नाही. उत्तर सांगणाऱ्या मामाच्या हाती काही पडत नाही.

आता त्या मुलांच्या भागांकडे येऊ. २०२१ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या विशेष भागांत मुलांना रुपये मिळत नाहीत, गुण मिळतात. मूल अठरा वर्षांचे झाले की त्या गुणांचे रुपये होतात. २०२३ मध्ये हरियाणातल्या आठवीतल्या एका मुलाने एक कोटी गुण मिळवले. त्याच्या एक कोटीच्या प्रश्नाचे उत्तर होते मार्टिन वाल्डसीम्युलर, म्हणजे १५०७ च्या नकाशावर 'अमेरिका' हे नाव घालणारा नकाशाकार. अठराची अट समंजसपणाची आहे. लहान वयात हाती आलेला पैसा कुणाच्या हाती जाईल, हे सांगायला नको. शिवाय अठरा म्हणजे कॉलेजचे वय. पैसा नेमका शिक्षणाच्या वेळी उपयोगी पडावा असा त्यात सद्‌हेतू दिसतो.

आम्ही हे आठवीच्या वर्गात समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "टीचर, अठरा होईपर्यंत काय करायचं?"

वर्ग हसला. तिला विनोद करायचा नव्हता. तिचे वय तेव्हा चौदाला टेकलेले. शिक्षणाचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात आला तो २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने, त्याचा कायदा झाला २००९ मध्ये आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० पासून. आणि तो हक्क आहे सहा ते चौदा या वयाचा. म्हणजे चौदापर्यंत मुलाच्या हाती कायदा आहे, आणि अठरानंतर, जर नशीब असेलच तर, पडद्यावरचे इनाम आहे. मधली चार वर्षे ज्यांत आमच्याकडची मुले गळतात, मुलगे ओळखीच्या माणसामार्फत आखातात नाही तर मुंबईच्या दुकानात जातात, मुलींसाठी निरोप यायला लागतात, त्या चार वर्षांत काय? अकरावीची शास्त्र शाखा आमच्या गावात नाही. तालुक्याला आहे, तिथेही विनाअनुदानित तुकडीत जागा मिळाली तर फी आहे, प्रयोगवही आहे, क्लास आहे. त्या मुलीने गणित बरोबर मांडले होते.

या मधल्या जागेत आमच्या मनात तीन शब्द फिरू लागले. तिन्ही अरबीतून आपल्याकडे आलेले, आणि त्यांतले दोन मराठीने इतके आपलेसे केले की त्यांचे मूळ कुणाला आठवत नाही. 'इनाम' हा देणाऱ्याच्या खुशीचा शब्द आहे. दख्खनेत सुलतानांनी दिले, पेशव्यांनी दिले, त्यातून इनामदार आडनावे झाली; हिंदूंतही आहेत, आपल्यातही आहेत. इनाम मागता येत नाही, मिळाले तर मुजरा करायचा. 'हक्क' हा घेणाऱ्याचा शब्द. तो न मिळाला तर भांडता येते, दाद मागता येते, आणि मिळाला तर कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. आणि या दोहोंच्या मध्ये 'वजीफा', ज्याला आज मराठीत शिष्यवृत्ती म्हणतात : बांधून दिलेली, ठरावीक, दर वर्षी येणारी रक्कम. वजीफ्यात थोडी इनामाची चव आहे, कारण तो लायकीवर मिळतो. पण त्याचा ओढा हक्काकडे आहे, कारण त्याच्या अटी आधीच लिहिलेल्या असतात आणि त्या पूर्ण करणाऱ्याला कुणाची मर्जी राखावी लागत नाही.

पडद्यावरची फी ही इनाम आहे, आणि इनामाला प्रेक्षक लागतात. म्हणून खेळाआधी ती लहानशी फीत दाखवतात : पत्र्याचे घर, चुलीशी बसलेली आई, सायकलवरून कामाला निघालेला बाप, भिंतीवरचा शाळेचा फोटो. मागे सनईचा नाही तर सारंगीचा सूर. आम्हालाही ते पाहून डोळे पुसावे लागतात, हे नाकारत नाही. पण ज्या मुलाला उत्तरे येतात त्याने आपली गरिबी दाखवायची का? आपल्याकडे देणाऱ्याने गुपचूप द्यावे, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही शिकवण अडाणी घरातही ठाऊक असते. रमजानात धान्याची पिशवी मगरीबनंतर अंधारात दाराशी ठेवून जाणारी माणसे आम्ही आमच्या मोहल्ल्यात पाहिली आहेत. पिशवी कुणाची, हे ईदनंतरही कळत नाही. पडद्याला असा अंधार परवडत नाही. त्याला गरज दिसावी लागते, आणि ती सुंदर दिसावी लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लावावी लागते तीही मानहानीच आहे, असे कुणी म्हणेल. आहेच. पण तिथल्या कारकुनाला निदान आमच्या आईचा चेहरा नको असतो, आकडा हवा असतो.

इनामाची ही गोष्ट टोकाला गेली की कशी दिसते, ते अमेरिकेत पाहायला मिळाले. तिथे कॉलेजचे शिक्षण कर्ज काढून घेण्याची रीत आहे आणि २०१८ च्या सुमारास हे कर्ज देशभरात मिळून सुमारे दीड लाख कोटी डॉलरवर गेले होते. त्या वर्षी जुलैमध्ये 'ट्रू टीव्ही' या वाहिनीवर 'पेड ऑफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेले तीन पदवीधर सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे देणार, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याचे कर्ज वाहिनी फेडणार. सूत्रसंचालक मायकेल टॉर्पी हा नट. त्याच्या स्वतःच्या बायकोचे शिक्षणाचे कर्ज फिटले होते ते त्याला मिळालेल्या अंतर्वस्त्राच्या एका जाहिरातीच्या पैशातून, आणि हे तो लपवत नसे. त्या कार्यक्रमाचा विशेष असा की आपण करतो आहोत ते हास्यास्पद आहे, हे त्याला ठाऊक होते. टॉर्पी हसत हसत प्रेक्षकांना सांगे की आपापल्या लोकप्रतिनिधीला फोन लावा आणि या कर्जाचे काही तरी करायला सांगा. आपला कार्यक्रम बंद पडावा असे म्हणणारा सूत्रसंचालक आम्ही दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडच्या कार्यक्रमात ही खोच नाही. येथे फी नसणे हे नैसर्गिक संकट मानले जाते, पूर किंवा दुष्काळ यावा तसे, आणि इनाम म्हणजे त्यावर आलेला पाऊस. कुणाला फोन करावा असे कुणी सांगत नाही.

येथे आमचे शाळेतले विज्ञानाचे सहकारी आम्हाला हटकतात. ते म्हणतात, "मुलाने मेहनत केली, हजारोंतून निवडला गेला, जिंकला. लायकीला दाम मिळाले. तुम्ही शिक्षक असून लायकीच्या विरोधात बोलता?" सरांचा मुद्दा हलका नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'तुमच्यात शिकणारे कुठे आहेत' असे ऐकावे लागले त्याला लायकी सिद्ध करण्याची भूक असते, आणि ती भूक खरी असते. राहत तसलीम यांच्या विजयाने आम्हाला आनंद झाला तो याच भुकेपोटी. पण सरांनाच आम्ही विचारले, की शेवटच्या प्रश्नाला जो अडला आणि अर्ध्यावर घरी गेला, त्याची कॉलेजची लायकी किती प्रश्नांनी कमी झाली? वाल्डसीम्युलर ठाऊक नसलेला मुलगा इंजिनिअर होऊ शकत नाही काय? आणि जो फोन लागलाच नाही, ज्याचे नाव यंत्राने निवडलेच नाही, त्याची लायकी कोणत्या खात्यात मांडायची? लायकी खरी आहे, पण तिला लागलेली किंमत लायकीने ठरत नाही. ती ठरते वाहिनीला किती जाहिराती मिळतात यावर.

सर हसले आणि म्हणाले, "मग एन.एम.एम.एस. काय आहे? तीही परीक्षाच." तीही परीक्षाच, हे खरे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती २००८ पासून आहे. आठवीच्या वर्गात परीक्षा, एक बुद्धीची आणि एक शालेय विषयांची. आपल्या राज्यात ती उर्दूतूनही देता येते. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी बारा हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. त्या मुलीने बोट ठेवलेली नेमकी तीच चार वर्षे. देशभरात दर वर्षी अशा एक लाख शिष्यवृत्त्या असतात. एक कोटीच्या एका इनामातून या हिशेबाने दोनशे आठ मुले नववी ते बारावी पार पडतील. हे गणित आम्ही वाहिनीवर आरोप म्हणून मांडत नाही. वाहिनीचा पैसा वाहिनीचा आहे, आणि त्या इनामावर तीस टक्के कर सरकारकडेही जातो. आम्ही ते मांडतो ते अशासाठी, की आमच्याच पालकांना करोडपतीत जाण्याचा मार्ग ठाऊक असतो आणि या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख ठाऊक नसते.

आणि वजीफाही कायमचा असतो असे समजू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. रक्कम लहानच होती, पण दप्तर आणि चपला त्यातून निघत. कारण असे दिले गेले की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहेच. म्हणजे हक्काचे नाव घेऊन वजीफा गेला. फी माफ असणे आणि शाळेत जाणे परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एखाद्या खलाशाच्या नाही तर हमालाच्या घरी पाच मिनिटे बसले तर कळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आपल्याकडच्या इतर मागास वर्गातल्या अनेक बिरादऱ्यांच्या मुली त्यात बसतात. त्यासाठी कुणाला बादशहाचा सन सांगावा लागला नाही. सनई वाजली नाही. म्हणूनच की काय, आमच्या मोहल्ल्यात ही बातमी पोहोचायला कित्येक महिने लागले.

सुशील कुमार यांचे नाव येथे घ्यावेसे वाटते. बिहारमधल्या मोतिहारीचे, रोजगार हमीच्या कामात महिना सहा हजारांवर संगणक चालवणारे. २०११ मध्ये त्यांनी पाच कोटी जिंकले. त्या पैशामागून आलेल्या फसवणुकीविषयी आणि बिघडलेल्या दिवसांविषयी त्यांनी २०२० मध्ये स्वतःच उघडपणे लिहिले. २०२३ मध्ये ते बिहारची शिक्षक भरती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि शाळेत शिकवू लागले. वर्तमानपत्रांनी ही बातमी 'कुठून कुठे' अशा सुरात दिली, जणू ते घसरले. आम्हाला ती वाचून, का कोण जाणे, एक सहकारी वाढल्यासारखे वाटले. पाच कोटींची उत्तरे देऊन झाल्यावर हा माणूस आता प्रश्न विचारायच्या बाजूला येऊन उभा आहे, आणि त्याच्या वर्गात बरोबर उत्तराला बहुधा 'शाबास'च मिळत असेल.

सरांनी शेवटी आम्हाला कोंडीत पकडलेच. म्हणाले, "उद्या त्या मुंबईच्या स्टुडिओतून फोन आला, तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीला बोलावलं, तर?" तर आम्ही तिला पाठवू. तिच्या अब्बांना समजावू, गणवेशाला इस्त्री करून घेऊ, 'ज़ियाई तालीफ'चे हिंदी आणि इंग्रजी नाव रेल्वेत पुन्हा पाठ करून घेऊ. आणि ती फीत काढायला माणसे आली तर त्यांना घराऐवजी शाळेत घेऊन येऊ, आणि तिथे फळ्यासमोर काय ते चित्रण करा म्हणू. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. इनाम घेणाऱ्याचा यात काही गुन्हा नाही. तहानलेल्याने पाणी कुणाच्या हातून घेतले हे आम्ही विचारणार नाही.

तोपर्यंत आठवीचे अकरा अर्ज भरायचे आहेत. त्यांतल्या चौघांचे उत्पन्नाचे दाखले अजून आलेले नाहीत, आणि परीक्षेचे केंद्र तालुक्याला आहे.